मेण कोणाचं, वात कोणाची

बोरी अरबच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. त्या गावच्या बौद्ध वस्तीतून सहा डिसेंबरला संध्याकाळी विहारापासून चौकापर्यंत मेणबत्त्या घेऊन मूक फेरी निघते. या मेणबत्त्या कित्येक वर्षं भगवानरावाकडून येत. खोक्यावर भगवानरावाचा हात जोडलेला फोटो, आणि मेणबत्तीभोवती गुंडाळलेल्या कागदावर पुन्हा तोच फोटो. म्हणजे अभिवादन बाबासाहेबांना आणि मुठीत धरायचा भगवानराव. गावात सगळ्यांत जास्त कापूस त्याचा, सोयाबीन त्याचं, ग्रामपंचायतीत शब्दही त्याचाच. फुकटच्या मेणबत्तीला नाही कोण म्हणणार?

इंदूबाई नाही म्हणाली.

झालं असं, की उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत ती वस्तीतल्या खांबांवर दिवे लावा म्हणून उभी राहिली. खांब होते, तारा होत्या, दिवे तेवढे नव्हते. भगवानराव खुर्चीत रेलून म्हणाला, "इंदूबाई, वस्तीत उजेड तं आमीच पाडतो ना वर्षाच्या वर्षाले. सहा डिसेंबरले." सभा हसली. मोठी माणसं हसली त्याचं इंदूबाईला काही नव्हतं, त्यांचं हसणं तिला लहानपणापासून पाठ होतं. पण मागच्या ओळीत बसलेले आपले चार जणही हसले, ते तिला मिरचीसारखं लागलं.

"यंदापासून राहू द्या तुमच्या मेणबत्त्या," ती म्हणाली. "आमचा उजेड आमी करू."

बोलून खाली बसली आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपण जन्मात एक मेणबत्ती केलेली नाही.

इंदूबाई म्हणजे वेचणीची बाई. कंबरेला ओटी बांधून कापसाच्या ओळीत शिरली की दोन्ही हात असे चालत की बाकीच्या बाया मागे पडत. शाळा तिनं बाहेरून पाहिली. अक्षरं शिकली ती जयंतीच्या भिंतींवरून, मोर्च्याच्या पत्रकांवरून, एसटीच्या पाट्यांवरून. वाचता यायला लागलं तसं तिला विचारताही यायला लागलं, आणि गावाला ते जड जायला लागलं. रेशन दुकानदार तिला पाहिलं की काटा सरळ करायचा. नवरा गेल्यावर तिनं मुलगा संघदीप शिकवला, तो नागपूरला एका औषधाच्या दुकानात लागला. तिला तो तिकडं बोलवायचा. ती म्हणायची, मी गेली तं इथं भांडण कोण करंल?

पण त्या सभेत ती भडकली त्याला आणखी एक कारण होतं, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. तिची आई माहेरच्या गावात एका मोठ्या घरी अंगण झाडायला जायची. दिवाळी सरली की त्या घरच्या विझलेल्या पणत्यांतलं खालचं काळं तेल आणि जळक्या वाती आई डबीत गोळा करून आणायची, आणि त्यांच्या घरात दिवाळीनंतर दोन दिवस उजेड व्हायचा. लोकांची दिवाळी संपल्यावर यांचा दिवा. लहानपणी इंदूला त्यात मौज वाटायची. मोठी झाल्यावर त्या डबीची आठवण आली, की तिला संताप यायचा. उरलेला उजेड तिला नको होता, दिलेला तर त्याहून नको.

दिवाळी झाली, वेचणी सुरू झाली, आणि एक दिवस विहारात भगवानरावाची खोकी येऊन पडलेली दिसली. विहार समितीचा अध्यक्ष मारोती. माणूस वाईट नाही, पण सगळ्यांना हो म्हणायची त्याला सवय. त्याचं म्हणणं, आलेल्या वस्तूला लाथ कायले मारायची? मागच्या साली निम्म्या मेणबत्त्या वळणावरच इजल्या होत्या, आता तुमच्या घरच्या तं चौक पाहतही नाहीत. त्या वळणाचं सगळ्यांना माहीत होतं. विहारातून निघालं की घरांच्या आडोशानं वारा लागत नाही. पण भगवानरावाच्या कृषी केंद्रापाशी रस्ता वळतो, तिथून पुढं दोन्हीकडं उघडी वावरं. डिसेंबरातला गार वारा तिथं सरळ तोंडावर येतो. मागच्या साली तिथं अंधार पडला, तेव्हा दुकानाच्या पायरीवरची पोरं शिट्ट्या मारत होती.

"चौकापावेतो जळून दाखवते," इंदूबाई म्हणाली. "जळली तं खोके वापस करा."

"आन् नाई जळली तं?"

"तं मी सोता वाटीन तुमचे खोके."

मारोतीनं लगेच होकार दिला. ही बाई तोंडघशी पडावी असं त्याला वाटत नव्हतं, पण पडेल याची खात्री होती.

मेण कोणतं घ्यावं, इथूनच सुरुवात. यवतमाळच्या बाजारात पांढऱ्या लाद्या मिळतात, त्या पॅराफिनच्या. इंदूबाईनं एक आणली. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण, असं चुलीवर वितळवलं. आणि वात? कापूस वेचणाऱ्या बाईनं वात काय विकत आणायची? बोंडातला कापूस काढला, सरकी वेगळी केली, मांडीवर हात फिरवून जाडजूड वात वळली, जशी पणतीत घालतात तशी. एका ग्लासात मेण ओतलं, मधे वात सोडली.

ती वात भडभड पेटली. काळा धूर ओकला, मग स्वतःच्याच मेणात मान टाकून बुडून मेली.

दुसरी केली, तीही मेली. तिसरी जरा बारीक केली, तर तिनं मधेच एक खड्डा खणला आणि त्या खड्ड्यात श्वास कोंडून गेली. बाजूचं मेण तसंच थंड. इंदूबाईनं तिला उचलून अंगणात फेकली, आणि वर तिलाच चार शिव्या दिल्या.

ही फेकाफेक धनीबाईनं पाहिली. धनीबाई बंजारा तांड्यावरची, वेचणीला इंदूबाईच्याच टोळीत. हातात सदा सुई-दोरा, लग्नातल्या चोळ्यांवर कवड्या आणि काचा लावून देणारी. तिनं अंगणातली मेलेली वात उचलली, चिमटीत धरून उलगडली आणि हसली.

"ही वात न्हाई याडी, ही शेपटी हाये उंदराची," ती म्हणाली. याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई. तिनं समजावलं ते असं. तेल पातळ, ते कापसातनं आपोआप चढतं. मेण जड. त्याला चढायला सरळ वाट लागते. पोकळ कापसात ते हरवून जातं. वळायचं नाही, गुंफायचं. मग तिनं गोधडीचा पक्का दोरा काढला, तीन पदर घेतले आणि पोरीची वेणी घालावी तशी चपटी वेणी घातली. चोळीच्या नाड्या ती अशाच गुंफायची. एक टोक दाताखाली, दुसरं पायाच्या अंगठ्यात.

त्या वेणीला मीठ आणि टाकणखाराच्या पाण्यात एक दिवस भिजवून वाळवलं, आणि वितळलेल्या मेणातून एकदा काढलं की ती काडीसारखी उभी राहायची. जळताना तिचं टोक एका बाजूला वाकायचं, ज्योतीच्या कडेला जाऊन आपोआप झडायचं. काजळी धरायची नाही. वात कशी मरते हे इंदूबाईला कळलं होतंच, आता ती कशी जगते तेही कळलं. खुशीत तिनं धनीबाईच्या पाठीत धपाटा घातला, तशी दाताखालची वेणी सुटली आणि धनीबाईनं तिला तिच्या बोलीत जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

वात झाली. पण पॅराफिनचा धूर काही जाईना. विहारातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीवर दरवर्षी काळपट थर बसायचा, तो इंदूबाईच पुसायची, तेव्हा तो कशाचा हे तिला चांगलं ठाऊक होतं. भगवानरावाच्या मेणबत्त्याही ह्याच मेणाच्या. "मंग त्याच्यात अन् माह्यात फरक काय? कागदाचा?" असं म्हणून तिनं लादी बाजूला सारली.

तिची नणंद झरी जामणीकडच्या एका जंगलगावात दिली होती. तिथले कोलाम आदिवासी आग्या मोहळ काढतात, मध विकतात, पोळ्याचं मेण तसंच पडून राहतं. इंदूबाईनं वेचणीला खाडा केला, एसटी बदलत बदलत तिकडं गेली आणि पिवळ्या मेणाचा गोळा फडक्यात बांधून आणला. घरात वितळायला ठेवला तसा सगळ्या गल्लीत मधाचा वास सुटला. पोरं दारात जमली, इथं काय शिजून राह्यलं म्हणून.

ग्लास तिनं बोरीच्या चहावाल्यांकडून आणले होते, काठ उडालेले, फेकायला काढलेले. ते आधी ऊन करायचे, नाहीतर गरम मेणानं तडकतात. मेण काठापासून दोन बोटं खाली, म्हणजे वरची काच वाऱ्याला अडवते. काठोकाठ भरलं की वारा ज्योतीला थापड मारतो, फार कमी भरलं की ज्योत कोंडते. हे सगळं ती विझवून विझवून शिकली.

मग एका रविवारी वंदना आटोपल्यावर मारोतीच्या देखत तिनं एक ग्लास पेटवला आणि चालू लागली. मागे अर्धी वस्ती. वळणावर वारा आला, ज्योत आडवी झाली, थरथरली, आणि उभी राहिली. चौकात पोचल्यावर तिनं ग्लास मारोतीच्या नाकासमोर धरला. मारोतीनं त्याच आठवड्यात खोकी भगवानरावाच्या घरी पोचती केली. भगवानराव नुसता हसला म्हणे.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या वंदनेला विमलताईंनी विचारलं.

विमलताई म्हणजे विहारात त्रिशरण-पंचशील देणाऱ्या. वय झालेलं, आवाज खणखणीत. टोमणा मारणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून त्यांचा प्रश्न जास्त टोचतो. त्यांनी एवढंच विचारलं, की इंदू, हे मेण काढताना माशांचं काय होते?

इंदूबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पेटता टेंभा पोळ्याखाली धरलेला, पंख जळून खाली पडणाऱ्या माशा, झाडाखाली त्यांचा सडा. खोटं बोलली असती तर कोणाला कळलं नसतं. पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती, भांडायची होती.

"मरतात," ती म्हणाली. "मंग? बोंडअळीवर फवारणी करता तवा कुठं जाते पाणातिपाता? तवा कोणी इचारत नाई."

विमलताई रागावल्या नाहीत.

"ते पोटासाठी करतो, इंदू. त्याचंही बरंच वाटते असं नाई. पण हे कोणाच्या पोटासाठी हाये? हे तं आपण सोता होऊन अर्पण करून राह्यलो. जीव न मारण्याचं शील म्हणाचं, आन् जीव मारून काढलेलं मेण त्याच तोंडानं पेटवाचं?"

इंदूबाई उठली आणि चप्पल न घालताच घरी गेली. घरी येऊन भांडी आपटली. मनातल्या मनात विमलताईंना, मारोतीला, झरीच्या माशांनासुद्धा बोलून घेतलं. एवढी धावपळ केली, जिंकून दाखवलं, तेव्हा यांना शील आठवलं. कोणी म्हणालं, बाई, एवढ्या साली चालू दे, पुढं पाहू. दुसऱ्यानं सुचवलं, पॅराफिनच वापर. मारोती येऊन डोकं खाजवत उभा राहिला, खोकी परत मागून आणू का म्हणून. त्याला तिनं उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं.

पण तिचं तिलाच चैन पडेना. पंचशील म्हणताना तिचा आवाज विहारात सगळ्यांत वर लागायचा. आता पहिल्याच ओळीला तो खाली आला असता, आणि ते तिला कोणाच्याही हसण्यापेक्षा जास्त लागलं असतं. तिसऱ्या दिवशी तिनं पिवळ्या मेणाच्या सगळ्या मेणबत्त्या फोडल्या. मेण धनीबाईला देऊन टाकलं, दोऱ्याला लावायला आणि वेचणाऱ्या बायांच्या टाचांच्या भेगांत भरायला. विमलताईंच्या दारावरून जाताना तेवढं मोठ्यानं सांगून गेली, की कोणाच्या सांगण्यावरून सोडलं नाई, मले वाटलं म्हणून सोडलं. विमलताई आतून म्हणाल्या, बरं बाई.

सहा डिसेंबर अगदी तोंडावर आला होता. तिनं संघदीपला फोन लावला. त्यानं सांगितलं, आई, नागपुरात सोयाबीनच्या तेलाचं मेण मिळते. इंदूबाईला वाटलं पोरगा थट्टा करतो. सोयाबीन तिनं जन्मभर सोंगलं, त्याच्या खुंटांनी पायाची चाळणी झाली, त्याचं मेण होतं हे कोणी सांगितलं नव्हतं. पोतं आलं तेव्हा आत पांढऱ्या पापडीसारखा चुरा. हातात धरला तर डालड्यासारखा मऊ.

"आपलंच सोयाबीन," ती धनीबाईला म्हणाली, "नागपूर पाहून आलं, तं कसं गोरं झालं पाय."

मऊ मेण उघड्यावर उभं राहत नाही, पण ग्लासात त्याला कोण पाडणार? धूर जवळजवळ नाही. फक्त त्याला वात जाड लागते, नाहीतर ते वितळतच नाही आणि ज्योत खड्ड्यात जाते. तीन पदरांऐवजी धनीबाईनं दुहेरी दोऱ्याचे तीन पदर घेतले. शेवटचे दिवस वस्तीतल्या बाया वेचणीवरून येत आणि इंदूबाईच्या ओसरीवर वेण्या घालत बसत. कोणी वातीची वेणी सैल घातली, की इंदूबाई ती हातातून ओढून घेई आणि म्हणे, लेकीची घालतेस तशी घाल, सासूची घातल्यासारखी नको. वळणावर जाऊन ताडून पाहायला मात्र वेळ उरला नाही. शेवटचे ग्लास सहा तारखेच्या दुपारी ओतले गेले.

संध्याकाळी फेरी निघाली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, आणि प्रत्येकाच्या हातात बाजारातल्या चहाचा ग्लास. काच तापते म्हणून खाली पदर नाहीतर रुमाल. इंदूबाई पुढं होती, पण तिचे डोळे सारखे मागं. कोणाची ज्योत लहान झाली की ती त्या ग्लासापाशी जाई, वात चिमटीनं सरळ करी, पुन्हा पुढं येई.

वळणापाशी भगवानराव उभा होता. त्याच्या दुकानासमोर जीप आडवी लावलेली, तिच्या मागच्या फळीवर तीच खोकी, उघडलेली. त्याला सगळी खबर होती. मधाचं मेण गेलं, नवीन मेण कोणी पारखलेलं नाही. पायरीवर पोरंही होती.

वारा आला. रांगेत ज्योती आडव्या पडल्या. कुठं एक गेली, कुठं दुसरी, पण शेजारच्यानं ग्लास वाकवून लगेच लावून दिली. रांग अंधारली नाही. आणि तेवढ्यात इंदूबाईचा स्वतःचा ग्लास विझला. दुसऱ्यांच्या वाती सरळ करण्याच्या नादात तिनं तो तिरपा धरला होता, वितळलेलं मेण वातीवर आलं होतं.

भगवानरावानं खोक्यातून एक मेणबत्ती काढली, पेटवली आणि तिच्यासमोर धरली. कागदावरचा भगवानरावही हात जोडून समोर.

"इंदूबाई, तुमचीच इजली ना," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "घ्या. आमचीच हाये, परकी थोडी हाये?"

फेरी मूक होती. इंदूबाईला हे ठाऊक होतं, म्हणून ती हळूच बोलली, पण जवळच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"इजली. माह्या चुकीनं इजली. लावाले माणसं हायेत माह्या मागं." आणि मग, "ते जीप जरा बाजूले घ्या. रस्ता अडून राह्यला."

ती मागं वळली. मागं विमलताई होत्या. त्यांनी आपला ग्लास वाकवला. विझलेली वात मेणात भिजलेली, ती पटकन धरेना. विमलताईंचा म्हातारा हात इंदूबाईनं मनगटाशी धरला. सगळी फेरी थांबली. भगवानराव पेटती मेणबत्ती हातात घेऊन तसाच उभा, तिचं मेण त्याच्या बोटांवर ओघळायला लागलं. वात धरली. जीप हलल्याशिवाय रांग सरकेना, म्हणून शेवटी ड्रायव्हरनं ती मागं घेतली.

चौकात ग्लास ओट्यावर मांडले. काही वाटेत विझून इथं पुन्हा लागलेले, एक-दोन तडकलेले, एकीनं रुमाल जाळून घेतलेला. बाकीचे जळत होते, आणि बराच वेळ जळत राहिले. मारोती ओट्यापाशी येऊन म्हणाला, की चौदा एप्रिललेही हेच करू, पण तवा ऊन असते, मेण पातळ होईल का? इंदूबाई म्हणाली, तवाचं तवा पाहू, तू आत्ता गप राह्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, इंदूबाईनं भगवानरावाच्या वावरात वेचणीला येऊ नये. निरोप घेऊन आलेल्या गड्याला सांगतानाच लाज वाटत होती, तो खाली पाहत उभा होता. इंदूबाई ओटी खांद्यावर टाकून तयारच होती. राळेगावकडच्या एका शेतकऱ्याची गाडी बाया न्यायला फाट्यावर यायची होती, धनीबाई आणि टोळीतल्या बाकीच्या तिच्यासाठी तिथं थांबल्या होत्या. त्यांनीही आज भगवानरावाकडे जायचं नाही असं ठरवलं होतं, न सांगता.

"त्याले जाऊन सांग," इंदूबाई गड्याला म्हणाली, "कापूस तुह्या वावरात येचणाऱ्या बायाची वाट पाहत उभा हाये. मी थोडीच उभी हावो."

आणि ती फाट्याकडे निघाली.